फिश टँकचा लाईट लागत नाही? आधी अडॅप्टर तपासा

प्रश्न : आमच्याकडे तीन फुटी प्लांटेड टँक आहे, वर झाकणात बसवलेला एलईडी लाईट आहे, १२ व्होल्ट ३ अ‍ॅम्पच्या अडॅप्टरवर चालतो, घेऊन दोन वर्षं झाली. महिनाभर असं व्हायचं की लाईट लावला की सुरुवातीला लुकलुकायचा आणि थोड्या वेळाने आपोआप नीट चालायचा. आता मात्र नुसता चमकतो-विझतो, चमकतो-विझतो, अडॅप्टरवरचा हिरवा दिवा पण तसंच करतो. मुलाने अडॅप्टरची पिन काढून मल्टिमीटर लावला तर १२.१ दाखवतंय, म्हणजे अडॅप्टर चांगला आहे असं तो म्हणतो आणि दुकानदार म्हणतो अख्खा लाईटच बदला. नक्की काय गेलंय? आणि तोवर मासे, झाडं टिकतील ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी माशांचं बोलूया. लाईट नाही म्हणून माशांना काही होत नाही, खिडकीतून येणारा उजेड त्यांना पुरतो. झाडंही तीन-चार दिवस आरामात काढतात, शेवाळ घालवायला लोक मुद्दाम तीन दिवस टँक झाकून ठेवतातच की. पण तुम्ही सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड गॅस) देत असाल तर तो आजच्या आज बंद करा. टायमरवर असेल तर हे हमखास विसरतं, लाईट बंद आणि गॅस मात्र ठरल्या वेळी सुरू. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, तो पाण्यात साठत जातो आणि मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. खतही थांबवा.

आता अडॅप्टर. मुलाने मोजलं ते बरोबरच मोजलं पण लाईट जोडलेला नसताना मोजलं, आणि अशा वेळी मरायला टेकलेला अडॅप्टरसुद्धा १२ व्होल्ट दाखवतो. खरी परीक्षा लोड दिल्यावर, म्हणजे लाईट जोडून त्याला करंट ओढू दिल्यावर. सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्याकडे स्क्रूवाल्या डीसी पिना मिळतात, एक मेल एक फिमेल, दोन्हीच्या मध्ये दोन छोट्या वायरी टाकायच्या (प्लसला प्लस, मायनसला मायनस) की लाईट चालू असताना त्या स्क्रूवर मीटर लावता येतो. तिथे व्होल्टेज १२ वरून धाडकन ५-६ वर येऊन परत वर जात असेल तर अडॅप्टर लोड उचलत नाहीये. १२ वर ठाम असेल आणि तरी लाईट लागत नसेल तर मग दोष लाईटमध्ये, नाहीतर त्याच्या स्विचमध्ये किंवा डिमरमध्ये.

पण लगेच निकाल देऊ नका, कारण लाईटच्या पट्टीत पाणी जाऊन शॉर्ट झालं असेल तरी अडॅप्टर अशाच उचक्या देतो, तो स्वतःला वाचवत असतो. म्हणून दोघांना वेगवेगळं करून बघायचं. गॅरेजमधून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा, तो साधारण पावणेदोन अ‍ॅम्प खातो, तो या अडॅप्टरवर लावा. थंड बल्ब सुरुवातीला जास्त करंट ओढतो त्यामुळे एखादा झटका बसला तर चालेल, पण त्यानंतर बल्ब शांतपणे जळत राहिला पाहिजे. (हा बल्ब खूप तापतो, प्लॅस्टिकवर ठेवू नका.) बल्बही लुकलुकला तर गुन्हेगार अडॅप्टर, दुसऱ्या कशाकडे बघायची गरज नाही. आणि उलट बाजूने, तुमचा लाईट दुसऱ्या चांगल्या १२ व्होल्ट ३ अ‍ॅम्पच्या अडॅप्टरवर लावून बघा. वायफायच्या राउटरचा अडॅप्टर लावू नका, तो बहुतेक अर्धा नाहीतर एक-दीड अ‍ॅम्पचा असतो, तुमचा लाईट त्याला झेपणार नाही आणि तुम्हाला वाटेल लाईटच गेला.

तुम्ही जे लिहिलंय ना, की आधी लुकलुकायचा आणि गरम झाल्यावर नीट चालायचा, त्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की आतला आउटपुटचा कपॅसिटर सुकलाय. अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टचा एसी आधी साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो, मग तो खूप वेगाने चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणतात आणि शेवटी हे कपॅसिटर तो प्रवाह सपाट करतात. त्यांच्या आत एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. थंड असताना असा कपॅसिटर कामच करत नाही, जरा तापला की थोडा जिवंत होतो, म्हणून ते तुमचं लुकलुकणं. डोकं फुगलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला, पण कित्येकदा बाहेरून एकदम ठणठणीत दिसतो आणि आतून कोरडा असतो.

दोन वर्षांतच का गेला? कारण अडॅप्टर झाकणात ठेवलेला असणार. कपॅसिटरवर '१०५ डिग्री, २००० तास' असा हिशोब असतो आणि १० डिग्री कमी केलं की आयुष्य दुप्पट होतं असं ढोबळमानाने धरतात. आत ८५ डिग्री राहत असेल तर ८००० तास, रोज ८ तास लाईट म्हणजे १००० दिवस, पावणेतीन वर्षं. स्वस्तातला १००० तासवाला असेल तर त्याच्या निम्मं. तोच अडॅप्टर बाहेर मोकळ्या हवेत ठेवून ६५ डिग्रीवर आणला तर चौपट. त्यामुळे नवीन घ्या किंवा दुरुस्त करा, झाकणात परत ठेवू नका, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती.

दुरुस्ती करायचीच असेल तर गावातल्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे द्या, त्याला हे रोजचं काम आहे. घरी उघडणार असाल आणि मुलाला सोल्डरिंगचा सराव असेल तरच उघडा, आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की प्लग काढल्यावरही आतल्या ४०० व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडतात तसलं काही करायचं नाही, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर उघड्या हाताने न धरता इन्सुलेटेड क्लिपच्या वायरींनी त्याच्या दोन टोकांवर काही सेकंद लावायचा आणि मीटरवर शून्य झालंय हे बघूनच हात घालायचा. आउटपुटला बहुतेक १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे एक-दोन कपॅसिटर असतात, ते काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे १६ किंवा २५ व्होल्टचे, १०५ डिग्रीचे आणि मुख्य म्हणजे लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) मागून घ्या, पांढऱ्या पट्टीची बाजू मायनस. साधे घातले तर काही महिन्यांत परत तेच. अडॅप्टर चालवणाऱ्या चिपजवळ (आयसी) २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एक बारका कपॅसिटर असतो, तोही त्याच फेरीत बदला, तो सुकला की अडॅप्टर नुसता टिकटिक करतो आणि सुरूच होत नाही. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं किरकोळ पैशात मिळतं.

उघडल्यावर फ्यूज उडालेला किंवा आत काळं झालेलं दिसलं तर मात्र तिथेच थांबा. फ्यूज उगाच उडत नाही, बहुतेक मॉसफेट (तो वेगाने चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. तारेचा तुकडा लावून जोडू नका, पाण्यावर टांगलेल्या लाईटच्या बाबतीत तर नाहीच नाही. सरळ नवीन घ्या, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर बघून.

प्रश्न : माझाही लाईट १२ व्होल्ट ३ अ‍ॅम्पचा आहे, दुकानात ५ अ‍ॅम्पचा अडॅप्टर मिळतोय, जास्त करंट जाऊन लाईट जळेल का? २४ व्होल्टचा एक घरात पडून आहे तो चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ५ अ‍ॅम्पचा बिनधास्त लावा. लाईट लागेल तेवढाच करंट ओढतो, उलट अडॅप्टर कमी तापेल. २ अ‍ॅम्पचा नको. २४ व्होल्टचा अजिबात नको, एका सेकंदात पट्टी जाईल. पिन बघून घ्या, बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर असतात पण आतलं भोक २.१ आणि २.५ असं वेगळं येतं, सैल बसली की तिथेच तापते. तुमच्याकडे समुद्रकिनारी दमट हवा, त्यात टँक खाऱ्या पाण्याचा असेल तर पिनेवर हिरवं चढलंय का तेही बघा, कित्येकदा तेवढं साफ करून लाईट लागतो.

प्रश्न : माझ्या लाईटच्या डब्यावर 'आउटपुट ३६ ते ६० व्होल्ट, ३०० मिलीअ‍ॅम्प' लिहिलंय. तो गेलाय. बारा व्होल्टचा लावला तर काहीच होत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होणारच नाही, कारण हा अडॅप्टर नाही, करंट ड्रायव्हर आहे. यात करंट ठरलेला असतो आणि व्होल्टेज एलईडींच्या संख्येप्रमाणे आपोआप ठरतं, पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो, १५ एका ओळीत असतील तर ४५ च्या आसपास. नवीन घेताना करंट तंतोतंत ३०० मिलीअ‍ॅम्प आणि व्होल्टेजची रेंज तुमच्या ओळीला सामावणारी बघा. जोडताना आधी लाईट जोडा, मग मेन चालू करा. ड्रायव्हर चालू ठेवून वायर जोडली तर त्यात चढलेलं व्होल्टेज एकदम एलईडीवर येऊन ते उडू शकतात.

आणि दुकानात स्पष्ट विचारा की ड्रायव्हर आयसोलेटेड आहे का. स्वस्तातले बरेचसे नसतात, त्यांच्या आउटपुटच्या वायरीचा थेट मेनशी संबंध असतो, खोलीच्या छतातल्या बंद लाईटला ते खपून जातं पण ओल्या हाताने हाताळायच्या टँकला नाही. घरात ३० मिलीअ‍ॅम्पची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर टँकच्या लाईनवर तरी बसवून घ्या, वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या म्हणजे ओघळणारं पाणी खाली ठिबकेल आणि सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि टँकमध्ये हात घालायच्या आधी प्लग काढा.