जळालं ते छत, उरल्या त्या भिंती

वाचकांचे प्रश्न : घर, वाडा, इमारत
(उत्तरं देतात कोल्हापुरातले एक स्थापत्य अभियंता)

प्रश्न : सप्रेम सलाम. मी नागाळा पार्कात राहते. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचं घराणं वायल्डरसाहेबांच्या ख्रिस्ती मिशनमधलं. मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला आहे आणि तिथं लूथरन मंडळीत, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चसमुदायात, जातो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा रविवारची उपासना सेंट मिखाएलिस चर्चमध्ये केली. तिथले लोक लाडानं त्याला 'मिखेल' म्हणतात. मुलगा म्हणाला, "आई, हे दोनदा जळालंय." बघून मुळीच वाटत नाही. इकडे केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून दोन्हीकडची भांडणं ऐकते आहे. कुणी म्हणतं होतं तसंच बांधा, कुणी म्हणतं आता नव्या पद्धतीचं करा. तिथल्या लोकांनी हा तिढा कसा सोडवला? आणि दोनदा जळून उभं राहिलेलं देऊळ जुनं म्हणायचं की नवं?

उत्तर : बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : जुनं. ज्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं तिथं झाली, त्यांना विचारा. त्यात अभियंत्याचं मत घेण्यासारखं काही नाही.

तिढ्याचं मात्र सविस्तर सांगतो. मिखेलवर १७५० साली वीज पडली आणि ते जळालं. मग प्राय आणि सोनिन या दोघांनी नवं बांधलं, मनोरा पुरा व्हायला १७८६ उजाडलं. दुसरी आग ३ जुलै १९०६ची. मनोऱ्याच्या छपराची दुरुस्ती चालली होती, डागकाम करताना लाकडानं पेट घेतला. मनोऱ्यात पहाऱ्याला असलेला माणूस त्यात गेला, मनोरा कोसळला, आजूबाजूची घरंही पेटली. तेव्हा हॅम्बुर्गमध्ये अगदी आपल्यासारखाच वाद झाला. जुन्याची नक्कल कशाला, विसावं शतक आहे, असं म्हणणारे वास्तुविशारद होते. शहरानं ठरवलं, बाहेरून होतं तसंच. पण भिंतींच्या आत, छपराला आणि मनोऱ्याला, लाकडाऐवजी पोलाद आणि काँक्रीट घातलं. १९१२च्या ऑक्टोबरात चर्च पुन्हा उघडलं. तुम्ही बघून आलात तो १३२ मीटरचा मनोरा म्हणजे अठराव्या शतकाच्या अंगरख्यात विसाव्या शतकाचा सांगाडा.

स्टॉकहोमच्या कातारिना चर्चनं याच्या उलट केलं. तेही लूथरन, तेही दोनदा जळालेलं : १७२३ला आणि मग मे १९९०मध्ये. दुसऱ्या आगीनंतर बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. वास्तुविशारद ओवे हिडेमार्क यांनी घुमट पुन्हा लाकडाचाच केला, जुन्या सुतारकामाच्या पद्धतीनं, आणि १९९५ला चर्च खुलं झालं. ज्या लाकडानं घात केला तेच परत का? माझ्या धंद्यातल्या माणसाला याचं कारण पटतं. चुन्यातल्या जुन्या भिंतीला थोडं हलायची सवय असते आणि लाकूड तिच्याबरोबर हलतं. तिच्यावर ताठ काँक्रीटची जड टोपी ठेवली की चिरा पडायच्या त्या भिंतीलाच पडतात.

म्हणजे एकानं सांगाडा बदलला, एकानं तोच ठेवला, आणि दोघांचंही बरोबर ठरलं. म्हणूनच 'तसंच की नवं' हा वाद आग विझल्याच्या दुसऱ्या दिवशी घालण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी एकच बघायचं : उरलेली भिंत काय पेलू शकते?

हे किती गंभीर आहे ते जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्खे चर्चवरून कळतं. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, चर्चला आग लागली, पण घुमट उभा राहिला. लोकांना वाटलं, वाचला. १५ तारखेला सकाळी तो खाली आला. आतले खांब वालुकाश्माचे होते आणि उष्णतेनं त्यांचा जीव गेला होता. वालुकाश्मात गारगोटीचे कण असतात. ५७३ अंश सेल्सिअसला त्या कणांची रचना बदलते, ते फुगतात आणि दगड आतून फुटतो. ते चर्च जवळजवळ पन्नास वर्षं ढिगाऱ्यातच होतं. बांधकाम १९९४ ते २००५ चाललं आणि ढिगाऱ्यातले वापरता येण्यासारखे दगड परत भिंतीत बसवले. नव्या फिकट दगडांत ते काळे दगड आजही उठून दिसतात.

आपला काळा दगड, बेसाल्ट, या बाबतीत चांगला. त्यात गारगोटी जवळजवळ नसते. पण म्हणून निर्धास्त राहू नका. सांध्यातला चुना जळून भुसभुशीत होतो, आणि तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की पापुद्रे सुटतात. काळ्या दगडाची आणखी एक पंचाईत अशी की वालुकाश्म किंवा काँक्रीट तापलं की गुलाबी पडतं, त्यावरून उष्णता कुठवर गेली ते कळतं. काळा दगड रंगावरून फारसं काही सांगत नाही. हातोडी घेऊन एकेक दगड वाजवावा लागतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर खडूनं खूण करायची.

दुसरी गोष्ट ओळंब्याची, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या वजन बांधलेल्या दोरीची. जुन्या इमारतीत मधे कुठं तरी लोखंडी गर्डर असतोच. दहा मीटरचा गर्डर पाचशे अंशांनी तापला की साधारण सहा सेंटिमीटर वाढतो. वाढून जाणार कुठं? भिंतीचा माथा बाहेर ढकलतो. गार झाला की आखडतो, पण ढकललेली भिंत जागेवर येत नाही. म्हणून आग विझल्यावर पहिल्या आठवड्यात दर काही फुटांवर ओळंबा लावून आकडे लिहून ठेवायचे, महिन्यानं परत घ्यायचे. आकडे बदलत असतील तर बाकीची चर्चा थांबवा आणि टेकू लावा.

आता आपल्या नाट्यगृहाकडे येऊ. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधलं, शेजारी खासबाग मैदान. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. या योगायोगावर खूप लिहून झालंय. मला त्या तारखेत दुसरंच दिसतं : ऑगस्ट म्हणजे कोल्हापूरचा पाऊस. छत गेलेल्या भिंतींचे माथे उघडे पडतात, बंबाचं पाणी आधीच मुरलेलं असतं, वर पाऊस. कुठल्याही जळालेल्या इमारतीला पहिला खर्च तात्पुरत्या छपराचा आणि माथे झाकण्याचा करावा. समिती, आराखडा, भूमिपूजन हे नंतर. आणि ओल असताना सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ओल आत कोंडते आणि दगडाच्या तोंडाचे पापुद्रे काढते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी थोडा हॅम्बुर्गकडे झुकतो. प्रेक्षकाच्या डोळ्याला आणि नटाच्या आवाजाला जे ओळखीचं आहे ते राखावं, आणि आग ज्या वाटेनं पसरली ती वाट बंद करावी. फिनलंडमधल्या पोर्वोच्या कॅथेड्रलचं २००६च्या आगीत सगळं छप्पर जळालं, पण छपराखाली पक्क्या बांधकामाच्या कमानी होत्या, त्यांनी आग अडवली. आतलं सभागृह वाचलं आणि २००८च्या अखेरीस चर्च उघडलं. छत आणि सभागृह यांच्यामध्ये असा न जळणारा पडदा हवा. ते बाहेरून कुणाला दिसतही नाही.

तुमच्या पत्रात 'तिथल्या लोकांनी' असं आहे, म्हणून एवढं आणखी. लूथरन मंडळींची १५३०ची आउग्सबुर्गची कबुली, म्हणजे आपल्या श्रद्धेचं लेखी निवेदन, आहे. तिच्यात मंडळी कशाला म्हणावं ते सांगितलंय : जिथं सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) यथायोग्य दिले जातात ती. भिंतींचा, मनोऱ्याचा उल्लेख नाही. तेव्हा चर्च जळालं तरी प्रभुभोजन शाळेच्या हॉलमध्येही होऊ शकतं. यात माझ्यासारख्याचा फायदा असा की ज्यांना बसायला जागा आहे ते घाई करत नाहीत. नाटकवाल्यांनाही तालमीला आणि प्रयोगाला परवडेल अशी जागा आधी द्या, मग बघा 'लवकर करा'चा ओरडा किती कमी होतो.

प्रश्न : आम्ही पन्हाळा तालुक्यातल्या एका मंडळीचे पंच. आमचं उपासना मंदिर सुमारे शंभर वर्षांचं आहे. सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), वर मंगलोरी कौलं. गळतं म्हणून कौलं उतरवून लोखंडी अँगल आणि पत्रा घालायचं ठरतंय. वेल्डर आठवड्यात करून देतो म्हणतो. काही वडीलधाऱ्यांना आगीची भीती वाटते. शिवाय परदेशातल्या एका मंडळीनं देणगी देऊ केली आहे. ती सरळ बँकेत घ्यावी का?

उत्तर : वडीलधाऱ्यांचं ऐका. वर मिखेलचं वाचलंत ना, ते दुरुस्तीतच जळालं. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ला पेटलं तेव्हा तिथंही दुरुस्तीचं काम चालूच होतं. जुन्या लाकडाजवळ ठिणगीचं काम करायचंच नाही, हा माझा नियम. अँगल खाली अंगणात जोडून घ्या, वर फक्त बोल्ट मारा. अगदीच वर वेल्डिंग करावं लागलं तर खालचं लाकूड ओल्या गोणपाटानं झाका, बाकं आणि पडदे बाहेर काढा, अग्निशामक नळकांडी हाताशी ठेवा आणि दुपारी तीनच्या आत काम बंद करा. त्यानंतर निदान दोन तास एक माणूस तिथं बसला पाहिजे, मोबाइल न बघता. लाकडाच्या फटीतली ठिणगी धुमसते आणि सगळे घरी गेल्यावर भडकते.

पण मुळात पत्रा कशाला? पत्र्यावर जुलैचा पाऊस सुरू झाला की पाळकसाहेबांचं प्रवचन पहिल्या बाकालाही ऐकू जाणार नाही. फुटकी कौलं बदला, कुजलेल्या रिपा बदला, वळचण नीट करा. बहुतेक गळती तेवढ्यावर थांबते, आणि पैसेही कमी लागतात.

कौलं उतरली की इमारतीचं माप घेऊन ठेवा. हे मी प्रत्येक देवस्थानाला, मशिदीला, मंडळीला सांगतो आणि कुणी करत नाही. कैचीचे सांधे, खिडक्यांच्या कमानी, वेदी, पुलपीट, सगळ्याचं माप आणि टेप शेजारी धरून काढलेले फोटो. तालुक्याच्या आयटीआयतल्या पोरांकडूनही होईल. जळून गेल्यावर आठवणीतून कैची काढता येत नाही. त्याच्या प्रती आणि बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदवह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती दुसऱ्या गावात ठेवा. मूळ वह्या ज्या कपाटात आहेत त्याच कपाटात प्रती ठेवणारे पंच मी पाहिलेत.

विमा काढला असेल तर तो कागदोपत्री घटलेल्या किमतीवर आहे की पुन्हा बांधायला लागणाऱ्या किमतीवर, ते विचारा. जुन्या सागवानाला आज काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे.

देणगीचं : थांबा. परदेशातून आलेला पैसा २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतो. मंडळीची त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असेल तरच घेता येतो, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. सरळ गावातल्या खात्यात घेतलात तर छपरापेक्षा मोठं काम मागं लागेल. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय त्यांना खाते क्रमांकसुद्धा कळवू नका. मनुष्यबळ मात्र इथलंच वापरा. फिनलंडमधल्या त्युर्वा गावच्या लोकांनी १९९७ला आपल्या मध्ययुगीन चर्चचं लाकडी कौलांचं छप्पर श्रमदानानं नवं केलं. त्याच सप्टेंबरात कुणी तरी ते पेटवलं. गावकऱ्यांनी परत फळ्या तासल्या, परत छप्पर घातलं. तुमच्याकडे तर कौलं आयती मिळतात.

प्रश्न : सर, मी स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या वाड्याच्या माडीला आग लागली होती. सागवानी तुळई वरून काळी कोळसा झाली आहे. ठेकेदार म्हणतो, काढून लोखंडी घाला. काढावी का?

उत्तर : लगेच नको. जाड लाकूड वरून कोळसा होतं आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला वाचवतो. सागवान अर्ध्या तासात साधारण दीड-दोन सेंटिमीटर जळतं. उलट लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं. तुझी तुळई २० बाय ३० सेंटिमीटरची असेल आणि दोन्ही बाजूंनी व खालून दोन-दोन सेंटिमीटर गेली असेल तर उरली १६ बाय २८. रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, हे सूत्र तुला येतंच. करून बघ, वाकण्याची ताकद सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते. त्यावर वरचा भार पेलतो का ते तपास. कोळसा तासून खरं लाकूड कुठं लागतं ते तीन-चार ठिकाणी बघ, आणि जिथं लोखंडी पट्टी किंवा बोल्ट आहे तिथं जास्त खोल तास, कारण लोखंडानं उष्णता आत नेलेली असते. भिंतीत शिरलेलं टोकही उघडून बघ. हे सगळं वहीत मांडून तुमच्या सरांना दाखव, आणि तोवर खाली दोन टेकू ठेव.