"बघू" म्हणणं बंद कर

अगं, तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय म्हणजे झोप लागत नाहीये हे कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता डॉक्टर म्हणतात क्लिअर, बास्केटबॉलचे कोच म्हणतात पुढच्या आठवड्यापासून ये, टीममधल्या दोघी तुझ्याशी धड बोलत नाहीत, आणि तुला अजून डाव्या पायावर लँड होताना पोटात गोळा येतो. आणि सगळ्यात शेवटी तो प्रश्न, "ताई, मी डेरिक रोजसारखं करतेय का?"

एनबीए, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या या खेळाडूचं नाव तुला कुणीतरी टोमणा म्हणून मारलंय, बरोबर ना? मारणाऱ्याला गोष्ट अर्धीच माहितीये. मी ती सगळी फॉलो केली होती, कारण तेव्हा माझ्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि मला रोज सकाळी उठल्यावर आधी त्याचीच बातमी बघायची सवय लागली होती.

28 एप्रिल 2012, रोजच्या शिकागो बुल्सची प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, पहिलीच मॅच, समोर फिलाडेल्फिया. मॅच संपायला दीड मिनिटसुद्धा उरलं नव्हतं, बुल्स 12 पॉइंटनी पुढे, म्हणजे खरं तर त्याने तेव्हा टॉवेल गळ्यात टाकून बेंचवर बसायला हवं होतं (कोच थिबोडो यांना स्टार प्लेयरला बाहेर काढणं कधी जमलंच नाही, हे माझं मत, भांडायचं तर भांड). आत शिरला, जंप स्टॉप घेतला (दोन्ही पायांवर एकदम लँड होऊन थांबणं) आणि डावा गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याला धरून ठेवणारा लिगामेंट. कुणाचा धक्का नाही, काही नाही, तुझ्यासारखंच. आदल्याच वर्षी 22 व्या वर्षी तो एनबीएचा सगळ्यात तरुण एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला होता, वर शिकागोचाच पोरगा, त्यामुळे अख्ख्या शहराला तो घरातला वाटायचा, आणि घरातल्या माणसावर लोक जास्त चिडतात हे तुला मी काय सांगू.

गंमत बघ, त्याच दिवशी न्यूयॉर्क निक्सच्या इमान शम्पर्टचा पण डावाच एसीएल गेला आणि तो जानेवारी 2013 मध्ये परत कोर्टवर. त्यात अमेरिकन फुटबॉलवाला एड्रियन पीटरसन, त्याचा गुडघा डिसेंबर 2011 मध्ये फाटला, सप्टेंबरला तो मैदानात, त्या सीझनला 2097 यार्ड पळाला आणि एमव्हीपी पण झाला. झालं, लोकांना मोजपट्टीच मिळाली. तो आला, तो आला, मग हा का नाही? तुझ्याकडे पण कुणीतरी असेलच, "अमकी तर सहा महिन्यात खेळायला लागली" वाली.

मार्च 2013 ला बातमी आली की डॉक्टरांनी रोजला खेळायची परवानगी दिलीये. तो मॅचआधी वॉर्मअपला यायचा, सगळ्यांसमोर डंक मारायचा (उडी घेऊन बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचा), आणि मॅच सुरू झाली की सूट घालून बेंचवर. डाव्या पायावर उडी घेऊन मनात शंका न येता डंक करता येईपर्यंत तो येणार नाही असं छापून येत होतं. आणि इथे त्याची टीम अक्षरशः तुकड्यातुकड्यात खेळत होती. त्याचा टीममेट नोआ पायाच्या तळव्याचं दुखणं घेऊन ब्रुकलिनविरुद्ध सातवी मॅच खेळला, 24 पॉइंट, 14 रिबाउंड. दुसरा टीममेट डेंग, त्याला स्पायनल टॅपनंतर (पाठीच्या कण्यातून पाणी काढून करायची तपासणी) इतका त्रास झाला की तो उभा राहण्याच्या स्थितीत नव्हता. नेट रॉबिन्सन, उंची पाच फूट नऊ इंच, एक वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला माणूस, मायामीविरुद्ध ओठाला दहा टाके पडले तरी 27 पॉइंट करून मॅच काढून दिली. ती मॅच बघताना मलाही रोजचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. कॅमेरा सारखा त्याच्या सूटवर जायचा.

तो अख्खा सीझन खेळलाच नाही. पुढच्या सीझनला आला, आणि 22 नोव्हेंबर 2013 ला पोर्टलंडमध्ये, त्याच्या दहाव्या मॅचला, उजव्या गुडघ्याचा मिनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, गेला. उजव्या! मग एक गट म्हणाला बघा, एवढं थांबून काय मिळालं. दुसरा गट म्हणाला बघा, शरीर तयार नव्हतंच. एकाच घटनेवरून दोन्ही बाजूंनी "बघा".

म्हणून मला या "पुढे काय झालं" वरून निकाल लावणाऱ्यांचा कंटाळा येतो. वॉरियर्सच्या केव्हिन ड्युरांटचंच घे. मे 2019 मध्ये पोटरी दुखावली, महिनाभर बाहेर, तो येतोय की नाही यावर रोज चर्चा, त्याच्या टीमची फायनल हातातून चाललेली, मग 10 जूनला टोरोंटोमध्ये पाचव्या मॅचला उतरला. 12 मिनिटं खेळला, 11 पॉइंट केले, आणि त्याच पायाचं अकिलीस, म्हणजे टाचेमागची शीर, तुटलं. वॉरियर्सचा कारभार तेव्हा बघणारे बॉब मायर्स प्रेससमोर रडत म्हणाले की दोष द्यायचाच असेल तर मला द्या. पुढचा अख्खा सीझन गेला ड्युरांटचा. आता दुसरीकडे 1986 चा जॉर्डन बघ. क्लब कोणता, तर हाच शिकागो बुल्स, आणि भांडण बरोब्बर उलटं: डाव्या पायाचं हाड मोडलेलं, 64 मॅच बाहेर, मालक म्हणतोय या सीझनला बस, डॉक्टर म्हणतायत करिअर संपायचा धोका साधारण 10 टक्के, आणि हा म्हणतोय मी खेळणारच. शेवटी तोडगा काय, तर एका हाफला 7 मिनिटं. मग एप्रिलमध्ये बॉस्टनमध्ये 63 पॉइंट, जो प्लेऑफचा रेकॉर्ड आजही कुणी मोडला नाहीये. काही झालं नाही म्हणून तो हट्ट शौर्य ठरला. ड्युरांटला झालं म्हणून त्याचं उतरणं चूक ठरलं. दोघांनी निर्णय घेतला तेव्हा दोघांच्याही हातात फक्त एक अंदाज होता, बस.

मग रोज चुकला की नाही? न खेळण्यात चुकला असं मला नाही वाटत. गुडघा त्याचा, आणि डॉक्टरची सही ग्राफ्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवलेला नवा लिगामेंट, धरलाय एवढंच सांगते, चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेल्या पायावर समोरची अंगावर येत असताना तू कट मारशील की अर्धा सेकंद थबकशील हे त्या कागदावर नसतं. पण फेब्रुवारी 2013 मध्ये त्याने एका मुलाखतीत सांगितलं की 110 टक्के झाल्याशिवाय येणार नाही, आणि ते कदाचित काही आठवड्यात होईल किंवा कदाचित पुढच्या वर्षी. हे मला खटकलं. काही आठवडे किंवा पुढचं वर्ष! आता तू नेट रॉबिन्सन आहेस असं समज आणि हे वाक्य परत वाच.

हे मला कळायला एक मुलगी लागली, ती गोष्ट तुला कधी सांगितली नाहीये.

माझं ऑपरेशन झाल्यावर सातव्या महिन्यात आमची मोठी टुर्नामेंट होती. मला माहिती होतं मी खेळणार नाहीये. मनात अगदी पक्कं होतं. पण कोचनी विचारलं की मी म्हणायचे "बघू, सेमीपर्यंत कदाचित". का, तर माझं नाव लिस्टमध्ये राहावं, लोकांनी विचारत राहावं, "ती आली की जिंकू" असं कुणीतरी म्हणावं. लाज वाटते लिहिताना पण हेच होतं. माझ्या जागी एक ज्युनिअर खेळायची, एकोणीस वर्षांची असेल, पॉइंट गार्डचा, म्हणजे टीमचा खेळ चालवायचा, अनुभव जवळपास शून्य. क्वार्टर फायनलच्या आदल्या रात्री ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आत आलीच नाही, हातात बूट, नवीन लेस ओवत होती, आणि खाली बघतच म्हणाली, "ताई, उद्या तू आहेस का नाही ते फक्त सांग, मला रोज रात्री दोन्ही तयारी करावी लागते."

दोन्ही तयारी. मी तेव्हाही "बघू" च म्हणाले गं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटात तिने चार टर्नओव्हर केले, म्हणजे चारदा बॉल समोरच्यांना घालवला, आणि प्रत्येक वेळी तिची नजर आधी बेंचकडे, माझ्याकडे. आम्ही हरलो. त्या पोरीला सगळ्यांनी झापलं, मला एकानेही नाही, कारण मी बिचारी इंजर्ड.

एनबीएतल्याच कवाय लेनर्डच्या वेळी त्याच्या सॅन अँटोनियोच्या टीममध्ये हाच प्रकार मोठ्या लेव्हलला झाला. 2017-18 ला मांडीचं दुखणं, 9 मॅच खेळला, टीमच्या डॉक्टरांचं एक मत, त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांचं दुसरं, आणि तो बोलायलाच तयार नाही. मार्चमध्ये टीममेट्सनी त्याला बसवून मीटिंग घेतली म्हणे, पण तोवर गाडी गेली होती. जुलैत तो टोरोंटोला, आणि पुढच्याच वर्षी तिथे फायनलचा एमव्हीपी. शरीराबद्दल त्याचं बरोबर असेलही, पण ड्रेसिंग रूम कायमची तुटली.

तर तुझ्याबद्दल. तुझे आठ महिने झालेत. नऊच्या आत परतणाऱ्यांना परत दुखापत व्हायचा धोका जास्त असतो हे तुझा फिजिओ पण सांगेल, आणि मुलींना तर एसीएल मुळातच जास्त छळतो. शिवाय रोजसारखं दुसऱ्या गुडघ्यालाही होऊ शकतं कारण आपण नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकत राहतो. त्यामुळे पोटात येणाऱ्या गोळ्याला भित्रेपणा म्हणू नकोस. फक्त तो गोळा किती दिवसांचा आहे ते ठरव. 110 टक्के वगैरे डोक्यातून काढ, 110 टक्के कुणीच नसतं, तू पडायच्या आदल्या दिवशी पण नव्हतीस. एका पायावर उडीची टेस्ट, मांडीची ताकद, दोन्हीत डावा पाय उजव्याच्या किमान 90 टक्के, आणि दोन आठवडे फुल कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस गुडघा न सुजता. एवढं झालं की खेळायचं, मग पोटात गोळा असला तरी. आणि ते होईपर्यंत कोच, कॅप्टन, कुणाचा काका, कुणीही म्हणो, नाही.

आणि हे आजच सांग. "मी या महिन्यातल्या मॅच खेळणार नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला टेस्ट आहे, त्या दिवशी संध्याकाळी हो की नाही ते कळवते." इतकंच. कारणं देऊ नकोस, एमआरआयचा फोटो टाकू नकोस, रडका इमोजी तर अजिबात नको. शिव्या बसतील. दोन दिवस बसतील, मग ते तुझ्याशिवायची टीम लावायला घेतील आणि ते बघताना तुला शिव्यांपेक्षा जास्त त्रास होईल, तेव्हा मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

पण ग्रुपवर टाकायच्या आधी तुझ्या जागी जी खेळतेय तिला फोन कर. मेसेज नाही, फोन. आणि सोमवारी उडीच्या टेस्टचे आकडे पाठव, डावा उजवा वेगळे लिहून, मागच्या वेळी एकच आकडा पाठवला होतास आणि तो कोणत्या पायाचा ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
ताई