गवताला पगार कोण देणार?

प्रश्न : वडील मेंढपाळ आहेत. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. माळावरची वीसेक गवतं मला नावानिशी ओळखता येतात, त्यांच्या वर्गीकरणातच पुढे शिकावंसं वाटतं. घरचे म्हणतात, बी.एड. कर, गवताला पगार कोण देणार? (एक विद्यार्थिनी, माण तालुका)

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. निव्वळ वर्गीकरणाच्या जागा थोड्याच. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस. एम.एस्सी. कर आणि नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा दे. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.साठी घरून पैसे मागावे लागणार नाहीत. एमपीएससीची वनसेवा परीक्षाही तुला खुली आहे. बी.एड. नंतरही करता येतं, तेव्हा ते आत्ताच नको, असं माझं स्पष्ट मत.

आता गवताचं. हरळी आणि मारवेल, दोन्हींचा तुरा बोटांसारखा फुटतो. भिंगाखाली धर. हरळीच्या बोटावर एकेकटी, बिनदेठाची कणिशिका (गवताच्या फुलांचा इवलासा झुबका) एकाच बाजूला दोन ओळींत बसलेली दिसते. मारवेलात मात्र जोड्या असतात, एक बिनदेठाची आणि एक देठाची. अशाच जोड्या कुसळी आणि पवना या गवतांत आणि तुमच्या शेतातल्या ज्वारीतही सापडतील, कारण ही सगळी एकाच गोतातली. हरळीचं उपकुळच वेगळं. मेंढरांच्या लोकरीत घुसणारं कुसळीचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा घेतं, आणि तसंच बी मातीत शिरतं. हे तू लहानपणापासून पाहिलंयस, शहरातल्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागतं.

आणि याचा उपयोग? चराई अति झाली की पवना-मारवेल मागे हटतात, कुसळी माजते. म्हणजे कुठलं गवत उरलंय यावरून माळाची तब्येत कळते. सरकारी नोंदीत आपली कितीतरी माळरानं ‘पडीक’ म्हणून पडून आहेत, मला त्याचं फार वाईट वाटतं. चाऱ्यावर आणि माळरान सुधारण्यावर काम करणाऱ्यांना गवत अचूक ओळखणारं माणूस लागतं. झाशीला १९६२ पासून गवताळ रानं आणि चाऱ्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथलं काम जरूर बघ.

येत्या भाद्रपद-अश्विनात, तुरे आले की, पंचवीस गवतं मुळासकट उपटून कागदात दाबून वाळव. प्रत्येकावर जागा, तारीख आणि वडील सांगतील ते नाव लिही. एम.एस्सी.च्या प्रवेशाला जाशील तेव्हा तो गठ्ठा सोबत ने.