सोयाबीनला पंप लावू नकोस

निर्वात पंपाने हवा ओढून बियाण्यात पाणी मुरवायचं तुझ्या मनात आहे, पण सोयाबीनला ते करू नकोस. त्याचं साल पातळ असतं. पाणी झपाट्याने आत शिरलं की दाण्यातल्या डाळीच्या पेशी फाटतात आणि दाणा उगवण्याऐवजी कुजतो. म्हणूनच सोयाबीन भिजवूनही पेरत नाहीत. कारल्यासारख्या जाड सालीच्या बियांची गोष्ट वेगळी, त्या रात्रभर कोमट पाण्यात ठेव.

त्यापेक्षा आधी उगवण तपास. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव आणि रोज पाणी शिंपड. सहाव्या दिवशी फक्त धड, निरोगी कोंब मोज. ७० किंवा जास्त भरले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो घे. फारच कमी असतील तर ते बियाणं पेरूच नकोस, माझं ऐक.

पोतं आपटू नकोस, एका आपटीतही अंकुर दुखावतो. बुरशीनाशक आधी चोळ, रायझोबियम (मुळांवर गाठी धरून पिकाला नत्र देणारे जिवाणू) शेवटी, आणि सावलीत सुकव. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच.