एक शिंग सरळ, दुसरं वेडंवाकडं

प्रश्न: जांबोटीजवळ आमच्या काजूच्या बागेत सांबराचं गळालेलं शिंग मिळालं. बुडाशी गाठ, फाटे भलतीकडेच. वडील म्हणतात, नराला रोग असणार. दिवाणखान्यात लावलं तर चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: आधी नराचं बघू. रोगच असेल असं नाही. वाढतं शिंग जिवंत असतं. वर मऊ लव, आत रक्त खेळतं. तेव्हा झाडावर आपटलं की ते वाकडं होतं, पुढच्या वर्षी बहुधा सरळ येतं. पण कवटीवरचा खुंटच दुखावला, तर खोड कायमची. गंमत म्हणजे मागचा डावा पाय मोडला, तर बऱ्याचदा उजवं शिंग बिघडतं! वृषणांना इजा झालेल्या नराची तर लवही झडत नाही.

आता दिवाणखाना. विसरा. शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि गळालेलं शिंगही सरकारचंच. आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी खुशाल सांगा, पण शिंग वनखात्याकडे द्या आणि पोच मागून घ्या. त्याआधी बुडाकडची बाजू बघा: खडबडीत, फुगीर असेल तर ते आपोआप गळालेलं, कवटीचा तुकडा चिकटलेला असेल तर ते गळालेलं नव्हे, तेही त्यांना सांगा.