रोज दिवसभर घालता येतील, टिकतील आणि फॉर्मल म्हणूनही खपतील असे बूट कसे निवडावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नोकरी फिरतीची, ऑफिसात स्पोर्ट शूज चालत नाहीत, फॉर्मल बूट घातले की संध्याकाळी पाय भरून येतात आणि सहा-सात महिन्यांत सोल सुटतो. चार-पाच हजारांत यावर काही निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

निघेल. मी औषध कंपनीत एमआर आहे, एकोणीस वर्षं झाली. हेडक्वार्टर कोल्हापूर. इचलकरंजी, गारगोटी, राधानगरी हा सगळा पट्टा मोटरसायकलवर फिरतो. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि प्रत्येकाच्या दाराशी अर्धा तास उभं राहणं. पहिल्या सहा वर्षांत मी नऊ जोड बूट संपवले. आता पायात जो जोड आहे तो २०१९ चा आहे. मधल्या काळात पगार वाढला हे खरं, पण बूट बघायची नजर बदलली हे जास्त खरं.

आधी एक घोळ मिटवू. आपण घोट्याच्या खालच्या जोड्यालाही बूटच म्हणतो, त्यामुळे दुकानात ‘फॉर्मल बूट’ म्हटलं की तो टोकदार, पातळ, चकचकीत जोडा पुढे येतो. लग्नातल्या दोन तासांसाठी ठीक आहे तो. तुम्ही घोटा झाकणारा बूट मागा. चुक्का (घोट्यापर्यंतचा, थोड्याच भोकांचा नाडीवाला), चेल्सी (नाडीऐवजी बाजूला इलॅस्टिक असलेला) किंवा डर्बी बूट (नेहमीचा नाडीवाला), यांपैकी कुठलाही. अशा बुटात पाय वरून धरलेला राहतो, खडीवर घोट्याला थोडा आधार मिळतो, पँट वर सरकली तरी मोजा दिसत नाही.

आणि फॉर्मल दिसण्याचं काय? समोरच्याला दिसतात ते पुढचे चार इंच. बाकीचा बूट पँटखाली. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. एकदा आमच्या रीजनल मॅनेजरने मीटिंगमध्ये सगळ्यांच्या पायांकडे बघून शेरे मारले आणि माझ्या घोट्यापर्यंतच्या बुटांना ‘चांगले शूज’ म्हणून पुढे गेला. त्याला ते बूट आहेत हे समजलंच नाही. तेव्हा ते चार इंच सांभाळा. रंग काळा, चवड्यावर नक्षी नाही, फार तर एक आडवी शिवण. सोलची कड अप्परच्याच, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाच्याच, रंगाची हवी. पिवळा दोरा, पितळी हूक, घोट्याभोवती फुगीर गादी, बाजूला कंपनीचा बिल्ला यांतलं एक जरी असलं तरी बूट ट्रेकिंगचा वाटतो. टोक गोलसर घ्या. टोकदार बुटात बोटांची जागा दिसायला असते, वापरायला नसते. टेलरला मोहरी १५ इंचांच्या आत नको म्हणून सांगा, नाहीतर पँट बुटाच्या काठावर अडकून बसते आणि सगळं मुसळ केरात. कॅम्पाच्या दुकानांत मिळतो तसला लष्करी डीएमएस बूट मीही वापरून पाहिला. दणकट खराच. पण क्लिनिकच्या दारात एका आजींनी मला सिक्युरिटीवाला समजून नंबर कधी येणार म्हणून विचारलं.

आता टिकण्याचं. इथे माझी फजिती सांगतो, कारण त्यातूनच शिकलो. एका नावाजलेल्या कंपनीचे महाग, हलके, गुबगुबीत सोलचे बूट मी खास सायकल मीटिंगसाठी, म्हणजे कंपनीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या आढावा बैठकीसाठी, घेतले. दोन-तीनदा घातले आणि ‘चांगल्या प्रसंगासाठी’ म्हणून खोक्यात ठेवून दिले. दोन पावसाळे गेले. पुण्याच्या हॉटेलात मीटिंगला ते घालून गेलो, तर लॉबीपासून हॉलपर्यंत गालिच्यावर काळ्या चुऱ्याची रांग. आधी वाटलं कुणाची तरी बॅग गळतेय. मग टाच बसली. सोलचा शब्दशः भुगा झाला होता, ओल्या बिस्किटासारखा. अप्पर नवाकोरा! दिवसभर मी खुर्चीतून उठलो नाही.

तो सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हवेतली ओल त्याच्या आतले रासायनिक बंध हळूहळू तोडत जाते. बूट घाला किंवा कपाटात ठेवा, ही झीज चालूच राहते. आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. दुकानदार ‘एकदम लाइट वेट’ म्हणून जो सोल कौतुकाने दाखवतो तो बहुतेक वेळा हाच असतो. रोज घालून दोन वर्षांत संपवणार असाल तर त्याला माझी हरकत नाही, पायाला मऊ असतो. पण ‘जपून वापरू’ या हिशेबाने पीयू घेऊ नका. रबराचा किंवा निदान टीपीआरचा (थर्मोप्लॅस्टिक रबर, म्हणजे रबरासारखं प्लॅस्टिक) सोल बघा. थोडा जड लागेल, आठ दिवसांत ते जाणवेनासं होतं. खाली बारीक ठिपक्यांची किंवा उथळ रेघांची पकड हवी. खोल खाचांचा सोल चिखल क्लिनिकमध्ये घेऊन जातो. चामड्याचा सोल आपल्या कामाचा नाही, ओल्या फरशीवर आपटाल.

सोल कशाचा आहे यापेक्षाही तो कसा लावलाय हे महत्त्वाचं. कोल्हापुरात चप्पल लाइनीत एक म्हातारे कारागीर आहेत, त्यांना मी माझा सुटलेला बूट दाखवला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी फाकवला, आत बघितलं आणि म्हणाले, “साहेब, याला दोराच न्हाई. नुस्ता चिकटावलाय. शिवल्यालं उसवून परत शिवता येतंय, ह्याला मी काय करू?” कोल्हापुरी चप्पल खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवणारा माणूस तो, त्याला चिकटवलेल्या बुटाची कीव येणारच.

बाजारातले बहुतेक फॉर्मल बूट चिकटवलेले असतात. त्यातही गंमत अशी की सोलच्या कडेवर शिवणीसारखे दिसणारे टाके साच्यातच ओतलेले असतात. ओळखायचं कसं? बूट उलटा करा. वरच्या कडेवर दोरा दिसतोय तर खालीही, खाचेत, तसाच दोरा फिरलेला दिसायला हवा. वर आहे आणि खाली नाही, तर बहुधा ती नुसती रांगोळी आहे. काही चांगल्या बुटांत खालची खाच झाकून टाकतात, पण त्या किमतीचा बूट विकणारा दुकानदार तुम्हाला ते स्वतःहून सांगतो.

शिवलेल्यांत सर्वांत खात्रीचा प्रकार गुडइयर वेल्टचा. टायरवाल्या कंपनीशी याचा संबंध नाही. रबर व्हल्कनाइझ करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाने १८७० च्या सुमारास या शिलाईचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं हे नाव. यात अप्परच्या खालच्या काठाला भोवताली चामड्याची एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. सोल झिजला की ती बाहेरची शिवण उसवायची आणि नवा सोल लावायचा, अप्परला हातही लावावा लागत नाही. माझ्या २०१९ च्या जोडाचा सोल एकदा आणि टाचा तीनदा बदलून झाल्या. आपल्या देशात चेन्नई, अंबूर, आग्रा, कानपूर या भागांत असे बूट बनतात आणि बरेचसे परदेशी जातात. इथे घ्यायला गेलात तर साधारण दहा हजारांच्या आसपास सुरुवात होते. म्हणजे तुमच्या बजेटच्या दुप्पट, हे मला माहीत आहे.

म्हणून पाच हजारांत मी काय करीन ते सांगतो. चिकटवलेला पण रबरी सोलचा, खऱ्या चामड्याचा बूट तीन-साडेतीन हजारांत घ्यायचा आणि घालण्याआधीच ओळखीच्या मोचीकाकांकडे नेऊन कडेने चारी बाजू शिवून घ्यायचा. आमच्या एमआर लोकांत निम्मे हेच करतात. भोकांतून थोडं पाणी झिरपतं, ते सोसायचं. उरलेल्या पैशात टाचेला पातळ रबरी पत्रा, एक बरा इनसोल आणि ब्रश. सहा महिन्यांत सुटणारा बूट याने दोन वर्षं जातो, माझा स्वतःचा अनुभव.

चामडं बघताना ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर जाऊ नका. खालच्या थराच्या चामड्यावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला असला तरी हा शिक्का बसतो. वासावरही जाऊ नका, वास मारता येतो. चवड्याजवळ अंगठ्याने दाबा. बारीक, अनियमित सुरकुत्या पडून हात काढल्यावर पसरल्या तर चामडं बरं. एकच जाड घडी पडली, किंवा दाबलं तरी आरशासारखं गुळगुळीत राहिलं, तर वर रंगाचा जाड थर आहे. तो वर्षभरात चवड्याच्या घडीवर पापुद्र्यासारखा निघतो आणि मग कुठलंही पॉलिश त्याला वाचवत नाही. आत हात घालून अस्तरही बघा. रेक्झिनचं अस्तर असेल तर वर कितीही भारी चामडं असो, पाय भिजणारच.

आता पाय दुखण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की आठ नंबर लागतो, पण नऊ घेता कारण आठ चावतो. हीच चूक मी पाच वर्षं केली. बूट लांबीला नाही, रुंदीला कमी पडत होता. नऊ घेतला की करंगळीला जागा मिळते, पण पाय आत पुढे-मागे सरकतो, टाच उचलते, बोटं बुटाला धरून ठेवायला आत वळतात आणि संध्याकाळी पोटऱ्या धरतात. त्याऐवजी असं करा. संध्याकाळी, दिवसभर फिरून पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. उभे राहून, बसून नाही. तो कागद घेऊन दुकानात जा, बुटातला इनसोल बाहेर येत असेल तर कागदावर ठेवा. पायाची रेघ चवड्यापाशी इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो फरमाच, म्हणजे बूट ज्या साच्यावर बनतो तो, तुमच्या पायाचा नाही. नंबर वाढवू नका, दुसरा बूट मागा. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला कधीच नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन पायांत थोडा फरक बहुतेकांचा असतो, मोठ्या पायाला बसेल तो घ्या.

दुकानात बूट हातात धरून टाच आणि टोक एकमेकांकडे वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपला पाय वाकतो तिथे. मध्येच, कमानीपाशी मोडत असेल तर आत आधाराची पट्टी नाही. असा बूट दुकानातल्या गालिच्यावर फार मऊ वाटतो आणि तासभर उभं राहिलं की तळवा जळतो. दुकानातल्या दहा पावलांत मऊ लागणारा बूट आणि सात तास उभं राहायचा बूट हे बहुधा वेगळे असतात.

नाडीचा की चेल्सी? माझ्या बाबतीत हे पायांनी नाही, आमच्या तालुक्याच्या गावांनी ठरवलं. तिथे निम्म्या क्लिनिकच्या दारावर ‘चपला-बूट बाहेर काढावेत’ अशी पाटी. दिवसातून पाच-सहा वेळा नाड्या सोडायच्या-बांधायच्या तर शेवटी माणूस टाच चेपून पाय घालतो, आणि टाचेमागचा कडक भाग एकदा मोडला की बूट संपला. म्हणून मी इलॅस्टिकचा चेल्सी घेतला. काढायला-घालायला सोपा, नाडीच नसल्याने पुढून एकदम सोवळा दिसतो. चार-पाच वर्षांत इलॅस्टिक ढिलं पडतं, ते बदलून मिळतं. पण पायाची वरची बाजू उंच असेल तर चेल्सीत पाय जायला त्रास होतो, मग नाडीचा चुक्का बरा. बाजूला चेन असलेला घेऊ नका, सगळ्यात आधी चेनच जाते. खिशात प्लॅस्टिकचा छोटा शूहॉर्न ठेवा. लोक हसतात, हसू द्या.

पावसाबद्दल खोटं बोलणार नाही. गगनबावड्याच्या पावसाला पुरेल असा चामडी बूट मी अजून बघितलेला नाही. जुलैत मी रबरी सँडल घालून गाडी चालवतो आणि बूट पिशवीत घालून नेतो, क्लिनिकच्या शेडखाली बदलतो. भिजलाच तर आत वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी बदलायचं आणि पंख्याखाली ठेवायचा. गॅसजवळ किंवा उन्हात ठेवलात तर चामडं तडकतं. जमलं तर वर्षभराने दुसरा जोड घ्या आणि आलटून पालटून घाला. घाम वाळायला बुटाला एक पूर्ण दिवस लागतो. पॉलिश रोज नको, ब्रश रोज हवा. क्रीम पंधरा दिवसांनी एकदा, बोटभर, जास्त नाही.

एक राहिलं. गाडीवर फिरणार असाल तर डाव्या बुटाचं टोक उजव्याच्या आधी जातं, गिअरच्या दांडीने. बरोबर त्या चार इंचांतच राखाडी ओरखडा पडतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा कापून दांडीवर चढवा. पंक्चरवाला फुकट देतो.