गिलावा खरवडला म्हणून जागा जाते का?

प्रश्न : कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. १९६४ साली सासऱ्यांनी त्या भाड्याने घेतल्या. ते १९९१ साली गेले. भाडं महिना १८० रुपये, पावती अजून त्यांच्याच नावाने येते. वरच्या मोरीतून पाणी झिरपून मधल्या भिंतीचे पोपडे पडू लागले. मालकांना कितीदा सांगितलं, ते नुसतं "बघतो" म्हणतात. शेवटी आम्ही गवंडी लावून त्या भिंतीचा गिलावा खरवडला. पुढे सिमेंटचा गिलावा, आतून वायरिंग, कोनाडा बुजवणं आणि स्वयंपाकघरात जायला भिंतीत दार अशी कामं करायची होती. गवंड्याचा अंदाज ३८ हजारांचा. तेवढ्यात मालकांच्या वकिलांची नोटीस आली : विनापरवाना कायमस्वरूपी बांधकाम केलं, भिंत कमकुवत केली, तीस दिवसांत जागा खाली करा. काम थांबवलं आहे. जागा जाईल का? आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापता येतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : ताई, गिलावा खरवडल्याने जागा जात नाही. काम थांबवलंत हे मात्र फार बरं केलंत, कारण गवंड्याच्या यादीतली शेवटची दोन कामं झाली असती तर हे इतक्या ठामपणे लिहिता आलं नसतं.

आधी नोटिशीची भीती काढून टाका. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. तुमची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली येते. ती खाली करून घ्यायची तर मालकांना लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागेल, कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं पुराव्याने शाबीत करावं लागेल आणि हुकूमनामा मिळवावा लागेल. तीस दिवस उलटले म्हणून कोणी तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही. पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ खाली तो गुन्हाच होतो.

मालकांनी जे कारण पुढे केलं आहे ते कलम १६ मधलं : लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम. पडलेला गिलावा काढून नवा करणं ही दुरुस्ती झाली, त्याने नवं काही उभं राहत नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं अशी कामं, लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली तर, कायमस्वरूपी बांधकामात धरत नाहीत. या यादीत ‘दार’ आहे हे वाचून कोणीतरी तुमच्या गवंड्याला धीर दिला असणार. तो धीर कामाचा नाही.

कारण त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे आणि खरा धोका तिथे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागेला कायमची इजा होईल असं काही करायचं नसतं. तसं केलं तर तेही जागा काढून घेण्याचं कारण ठरतं. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मधली भिंत हातभर जाड आहे, तिच्यात लाकडी खांब आहे आणि खांबाच्या डोक्यावर तुळई टेकलेली दिसते. म्हणजे वरच्या मजल्याचा भार याच भिंतीवर येतो. तिच्यात दार पाडायचं म्हणजे मालकांच्या वकिलांना आयता मुद्दा देणं, आणि वाडा खाली बसण्याचा धोका वेगळाच. दाराचा विचार सोडा. वायरिंगसाठी झिरी मारू नका, केसिंग-कॅपिंगची पट्टी भिंतीवरून न्या. दिसायला बरं नाही, पण उद्या उकलता येते आणि भिंत शाबूत राहते. कोनाडा राहू द्या, बुजवून काय मिळणार आहे?

सिमेंटचं तेच. तुमच्या फोटोत गिलाव्याखाली पांढरी माती आणि कच्च्या विटा दिसतात. जुना गिलावा चुन्याचा आहे. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते फुगतं, पोकळ वाजायला लागतं आणि पडताना भिंतीचा थर घेऊन पडतं. हा गवंडीकामाचा विषय झाला, पण मी वकील म्हणून सांगतोय ते वेगळ्या कारणासाठी : भिंतीची नासाडी सिमेंटने झाली असं एखाद्या इंजिनिअरने लिहून दिलं, तर ‘कायमची इजा’ तुमच्या माथी येईल. चुन्याचा गिलावा आणि वरून नीरू, म्हणजे चुन्याचा तलम शेवटचा थर, घोटणारा गवंडी शोधा. पेठांमध्ये अजून सापडतात, जरा विचारावं लागतं.

आता ज्याने हे सगळं सुरू झालं त्या मोरीकडे वळू. तुमच्या पत्रात गिलाव्यावर पानभर मजकूर आहे आणि गळतीवर एक ओळ. हे उलट हवं. वरचं पाणी थांबल्याशिवाय केलेला कुठलाही गिलावा पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही, आणि ती गळती बंद करणं हे मालकांचं काम आहे. कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवायला मालक बांधील असतो, उलट करार नसेल तर. म्हणून १९६४ ची भाडेचिठ्ठी कुठे असेल तर शोधा. "आतली डागडुजी भाडेकरूने करावी" असं वाक्य जुन्या चिठ्ठ्यांत सर्रास असतं. तसं असलं तर गिलावा तुमच्याकडे येतो, पण वरच्या मजल्यावरची नळी काही ‘आतली डागडुजी’ नव्हे.

मालकांना लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन. ‘कितीदा सांगितलं’ याला कोर्टात किंमत नाही. मुदतीत त्यांनी काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो हे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पण पुढची ओळ कोणी सांगत नाही : एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. तुमचं वर्षाचं भाडं २,१६० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ५४०. या हिशोबाने ३८ हजार फिटायला सत्तर वर्षं लागतील, तेव्हा तो नाद सोडा. उलट भाडं कापलंत की मालक म्हणणार, थकबाकी आहे, आणि आज नसलेलं एक कारण त्यांच्या हातात पडेल. भाडं पूर्ण भरा, दर महिन्याला, शक्यतो बँकेतून, म्हणजे नोंद राहते. बिलं आणि पावत्या मात्र जपा. कलम १४ ची नोटीस पैशांसाठी द्यायची नाहीये. गळतीची तक्रार आधीची आणि दुरुस्ती नंतरची, हा क्रम कागदावर आणण्यासाठी द्यायची आहे.

महापालिकेची परवानगी? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार फक्त घराच्या आतल्या भागापुरती देखभाल-दुरुस्ती असेल तर ती लागत नाही. वाडा पुण्याच्या हेरिटेज यादीत आहे का एवढं पाहून घ्या. असेल तर आधी महापालिकेच्या हेरिटेज कक्षात विचारा.

मात्र मालक ऐकत नाहीत म्हणून रागाच्या भरात क्षेत्रीय कार्यालयात "वाडा पडायला आलाय" असा अर्ज देऊ नका. पेठांमधल्या भाडेकरूंनी हा धोंडा स्वतःच्या पायावर अनेकदा पाडून घेतला आहे. त्या अर्जावरून पाहणी होते, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस निघते, आणि वाडा ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, पाडून टाकायच्या इमारतींच्या वर्गात गेला की सगळ्यांनाच बाहेर पडावं लागतं. मालकांच्या मनात पुनर्विकास असेल तर त्यांना हेच हवं असतं. अर्थात भिंत खरोखर सरकत असेल, तुळई खचत असेल, तर कायदा बाजूला ठेवून आधी बाहेर पडा. वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हे स्पष्ट केलं आहे.

तर आता करायचं ते असं. मालकांच्या नोटिशीला उत्तर वकिलामार्फत लगेच द्या, गप्प बसू नका. त्यात लिहा की गळतीमुळे सुटलेला गिलावा काढला, भिंतीला धक्का लावलेला नाही, मालकांनी येऊन पाहावं. वाजवी वेळी, आधी कळवून जागा पाहायचा त्यांना हक्कच आहे, अडवू नका. त्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून उघड्या भिंतीचे फोटो, मापं आणि दोन ओळींचा अभिप्राय घेऊन ठेवा. भिंत पुन्हा झाकली की हा पुरावा परत मिळत नाही. मालक दुरुस्तीत आडवे आले तर शिवाजीनगरला लघुवाद न्यायालयात मनाई हुकमासाठी दावा लावता येतो.

आणि पावतीवरचं नाव. सासरे गेले तेव्हा तुम्ही आणि तुमचे पती तिथेच राहत होतात, त्यामुळे भाडेकरूचा हक्क कलम ७ प्रमाणे त्यांच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे येतो, पावती कोणाच्याही नावाने असो. तरीही १९९१ च्या आसपासचं रेशनकार्ड, मतदार यादीतली नोंद, विजेचं बिल, मुलांच्या शाळेचे दाखले शोधून एका फाइलला लावा. नोटिशीत हा मुद्दा नाही, पण दावा दाखल झाला तर मालकांचे वकील पहिल्याच तारखेला तो काढतील.